गावाच्या नावावर

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही, बायकोजवळही नाही. सेलूजवळच्या आमच्या गावात त्या वर्षी नाटकातला राजा ऐनवेळी बदलला, तो गावाच्या हरकतीमुळे नव्हे. गावातल्या एकाही माणसानं हरकत घेतली नव्हती. मी कोणाला विचारलंच नव्हतं.

मी शाळेत मास्तर होतो. शेतातला कापूस संपला की दरवर्षी गावचं नाटक बसवायचो. लिहायचो मीच, तालीमही माझीच. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचा दुसरा हिवाळा होता तो. दीक्षा घेतलेल्या वस्तीतला एक तरुण कापसातली सरकी काढायच्या जिनात कामाला जायचा. त्याचा आवाज असा, की मंडपात पार मागं बसलेल्या म्हातारीलाही कान द्यावा लागू नये. राजाचं काम मी त्यालाच दिलं. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

आमच्याकडे पडदा उघडला की आधी राजाला ओवाळायचं, मग नाटक. ओवाळायचा मान घराघरांत फिरता. तालमी सुरू झाल्यावर कळलं, यंदा पाळी आमच्या घरची. ताट माझी आई धरणार.

त्यालाही ते कळलं.

"मास्तर, ओवाळतीन तं ओवाळू द्या. पन आता मी देवाले हात जोडत नाई बरं."

"राजा कोनाले हात जोडते काय? उभा राहजो नुसता."

सगळे हसले, तोही हसला. पण माझ्या आईनं त्या वस्तीतल्या पोराला ओवाळावं, हे मला पचेना; त्याच दिवशी मी माझ्या चुलत भावाला बाजूला घेतलं. पडद्याआडून बोलणं सांगायचं काम त्याचं होतं. त्याला म्हटलं, राजाचं सगळं पाठ करून ठेव, कोणाजवळ बोलू नको. पुढं तालमीत तो तरुण जीव ओतून बोलायचा आणि माझा भाऊ आडोशाला बसून त्याची लकब उचलायचा. मी दोघांनाही शाबासकी द्यायचो.

नाटकाच्या दिवशी तो अंगरखा चढवून बसला होता. मी म्हटलं, "गाव नाई म्हनते."

"कोन?"

"सगळेच."

"एक नाव सांगा. मी जाऊन विचारतो त्याले, काऊन नाई म्हनून."

मी अंगरख्यासाठी हात पुढं केला. त्यानं अंगरखा उतरवला, उलटा झाला होता तो सुलटा केला आणि माझ्या हातात दिला.

"माह्या पायी तुमाले बोलनं खावं लागलं असन, मास्तर," तो म्हणाला आणि गेला.

रात्री आईनं माझ्या भावाला ओवाळलं. घरी येताना म्हणाली, "तो पोरगा काऊन नोयता? त्याच्यासाठी मी नवी वात वळलती."

मी म्हटलं, बिमार आहे.

तो पुन्हा नाटकात उतरला नाही. जिनातल्या लोकांनी विचारलं, की म्हणायचा, मास्तर चांगला माणूस, गावानं होऊ देलं नाई. अजूनही म्हणतो. बाजारात भेटला की थांबून नमस्कार करतो, मी घाईत असल्यासारखं करून पुढं निघतो. आई आता नाही. भावाला त्या राजामुळं पुढची कितीतरी वर्षं लोक राजाच म्हणत.

त्याच्या घरी जाऊन त्याच्या माणसांदेखत मला सांगायचं आहे, की तुला गावानं नाही, मी अडवलं. ते अजून सांगितलेलं नाही.