हॉलमधला काकडीचा वेल

लातूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पूर्वेकडं एकच मोठी खिडकी होती, हॉलमधली. तिच्याखाली माझी शिलाई मशीन होती. मी लोकांचे ब्लाऊज शिवायची, आणि सकाळचं ऊन थेट सुईवर पडायचं. दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली, त्यानंतर चौथ्या वर्षी ती खिडकी माझ्याकडून गेली.

धाकटी देगलूरकडची. मला 'अक्का' म्हणायची. एका दवाखान्यात सकाळच्या वेळी केसपेपर करायला जायची, दुपारी अडीचला परत यायची. आल्यावर तिला घरात करमत नसे. माहेरी मळा होता, इथं दुसऱ्या मजल्यावर नुसत्या भिंती. एक दिवस तिनं रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आणल्या, खालून भोकं पाडली, माती भरली आणि आत काकडीचं बी टोचलं. गॅलरी पश्चिमेची, तिथं मार्चपासूनच पानं करपायची. म्हणून बादल्या हॉलच्या खिडकीत आल्या आणि माझी मशीन न्हाणीघराच्या भिंतीला गेली.

"दे की जागा," माझा नवरा म्हणाला. "तिला तेवढाच विरंगुळा."

मला कुणी विचारलं नव्हतं. मी दिवसा ट्यूब लावून शिवायला लागले.

नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. ती तांदूळ धुतलेलं पाणी साठवायची, वेलाला वाटीनं घालायची. सुतळी बांधून वेल खिडकीच्या गजांवर चढवला. फुलं आली तेव्हा मला हाताला धरून घेऊन गेली.

"अक्का, हे बघा. हे नुसत्या देठावरचं नरफूल. आन् हे बाईफूल, ह्याच्या मागं बारकी काकडी असते, दिसली का? घरात मधमाशी येत न्हाई, मग आपणच नरफूल तोडून ह्याच्यावर फिरवायचं."

मला दिसली. तांदळाएवढी, लव असलेली काकडी, आणि तिच्या टोकाला मिटलेली कळी.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी ती कळी नखानं खुडली आणि बादलीतल्या मातीवर टाकली, गळून पडल्यासारखी. राग अनावर झाला होता असं काही नव्हतं. भांडी घासून झाली होती, हात पुसले आणि खुडली. मग रोज बघायला लागले. नरफुलं तशीच ठेवायची. मागं काकडी दिसली की खुडायची. आठवड्यात दोन, कधी तीन.

ती पडलेल्या कळ्या तळहातावर घेऊन बसायची. उन्हानं गळतात म्हणून तिनं खिडकीला जुनी ओढणी लावली. मातीत चहाचा चोथा घातला, आंबट ताक घातलं. देगलूरला फोन करून वडिलांना विचारायची, तेलुगूत, हळू आवाजात. वेल वाढतच होता. पानं हाताच्या पंजाएवढी झाली होती, आणि फळ एकही नाही.

लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. हे मला माहीत होतं. सासूबाई वेलाकडं बघून काय बोलणार हेही मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलं होतं.

समोरच्या फ्लॅटमधल्या सुनेचं डोहाळजेवण होतं. आम्ही दोघी जावा साड्या नेसून दारात उभ्या. धाकटीनं मोगऱ्याचा गजरा माळला होता. सासूबाईंनी तिच्याकडं बघितलं.

"तू थांब घरी."

"का, आत्याबाई?"

"का म्हनून काय इचारतीस? तुज्या हाताला येलीलाबी फळ धरंना. दुसऱ्याच्या लेकीच्या वटीत कशाला हात घालतीस?"

ती माझ्याकडं बघायला लागली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी चपला घातल्या आणि सासूबाईंच्या मागं गेले. तिथं पुरणपोळी होती. मी दोन खाल्ल्या. सासूबाईंनी वेलाची गोष्ट तिथं दहा बायकांना सांगितली, आणि मी मान हलवत होते.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ती संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, दिवस गेले.

"अक्का, चला ना."

ओढणीच्या मागं, गजाच्या कडेला, माझ्या नजरेतून सुटलेली एक काकडी होती. बोटाएवढी.

"आत्याबाईंना आत्ताच सांगू नका. मोठी होऊ द्या, मग मीच त्यांच्या ताटात कापून वाढते."

मी "बरं" म्हणाले. सकाळी ती गेल्यावर खिडकीपाशी गेले. देठ जाड झाला होता, नखानं तुटेना. मी धागे कापायची कैची आणली, काकडी कापली आणि घंटागाडीच्या कचऱ्यात टाकली.

दुपारी आल्याआल्या ती वेलाकडं गेली. बराच वेळ उभी होती. मग मशीनपाशी आली. माझे हात कापडावर होते.

"देठ सरळ कापलाय, अक्का."

मी पायडल मारत राहिले.

"जागाच पायजे होती तर म्हनायचं. त्याच दिवशी बादल्या उचलल्या असत्या मी."

तिनं आवाज चढवला नाही. सासूबाईंना सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर घरात भांडण झालं असतं आणि ते मला ऐकू आलं असतं. तिनं वेल मुळासकट उपटला, माती पोत्यात भरून स्वतः दोन मजले खाली नेली. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "डास तरी कमी होतील." मी मशीन परत खिडकीत ओढली.

त्याच दिवाळीनंतर दिरानं नांदेडला काम धरलं आणि ती दोघं गेली.

गेल्या वर्षी उदगीरला नात्यातल्या एका लग्नात ती भेटली. मूल अजून नाही. पंगतीत एक चुलत सासू सगळ्यांसमोर हसत म्हणाली, "म्हनं हिनं घरात काकडी लावली हुती, तीबी वांझ निघाली. खरं का गं?" प्रश्न मला होता. धाकटी वरणाची बादली घेऊन समोरच उभी होती. पळी हातात तशीच धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"हाव," मी म्हणाले. "नुसती पानंच यायची."

तिनं माझ्या भातावर वरण वाढलं आणि पुढच्या पानाकडं गेली.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिला फोन कर. आईलाबी खरं सांग." मी हो म्हणाले. ह्या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. सासूबाई आल्यागेल्याला वेलाची गोष्ट अजून सांगतात, आणि मी चहा ठेवायला उठते.