डी ड्राइव्हमध्ये ठेवलेला अर्ज

अर्जदार: मी, अर्जलेखक, मुरबाड. सामनेवाले: संगणक दुरुस्त करणारे गृहस्थ, नाव मुद्दाम लिहीत नाही. दिनांक: गेला मंगळवार. साक्षीदार: माझी पत्नी, चहा देण्यापुरती.

सदर गृहस्थ माणसांपेक्षा यंत्राशी जास्त बोलतात. "उघड गो बाय," असे ते संगणकाला विनवतात. हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करू, तुमचे अर्ज डीमध्ये ठेवू आणि बिघडलेली सी पुसून टाकू, असे त्यांनी सुचविले. मी वाटणीपत्रे लिहिणारा. दोन्ही भागांच्या चतुःसीमा विचारल्या.

"काका, शेत एकच हाय. मधी बांध घालतो," ते म्हणाले.

ठेवायचे अर्ज मी निवडले. एक मात्र त्यांच्यासमोर निवडता येईना. तो त्यांच्या धसईच्या बहिणीचा होता. भातशेतीतल्या हिश्श्यासाठी, त्यांच्याच विरुद्ध. उद्या तो दाखल करायचा आहे.

पुसण्याआधी त्यांनी यादीवर बोट ठेवले. "आमच्या ताईचा राहिला नाय का?" आणि स्वतःच तो डीमध्ये नेला.

त्या अर्जात मी त्यांना "लबाड व निर्दय" असे लिहिले आहे. हे शब्द आता ठेवावेत की काढावेत, याचा कोणीतरी खुलासा करावा, ही नम्र विनंती.