अलीकडचा दगड

ओल्या बांबूचा वास आला की मला नणंदेचं धनुष्य आठवतं. माझ्या लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालू होता, देवगाव फाट्याला एसटी येईना, म्हणून माझं माहेरी जाणं राहिलं होतं. संध्याकाळी घरातली पोरं-पोरी खळ्यावर जमायची आणि लांबच्या दगडाला गोवरी टेकवून बाण मारायची. नणंदेचे पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. सासऱ्यांनी तिच्यासाठी बुटकं धनुष्य केलं होतं, अंबाडीच्या दोरीचं, आणि बैल सोडलेल्या गाडीत बसून ती नेम धरायची. तुराटीच्या बाणांना पुढं बाभळीचा काटा असायचा. त्या दिवशी तिचे सगळे बाण अलीकडंच पडले. ते गोळा करायला मी गेले आणि मला राहवलं नाही. गोवरी उचलून गुपचूप अलीकडच्या दगडाला लावली. पुढचाच बाण गोवरीत रुतला. पोरं ओरडायला लागली. नणंद मात्र हसली नाही. "वहिनी, गोवरी व्हती तिथं ठिवा," ती म्हणाली, "न्हाई लागली तर माझी मी बघीन." माझे कान तापले. गोवरी परत नेऊन ठेवली. पुढचे चार दिवस ती चुकतच राहिली. पाचव्या दिवशी काटा गोवरीच्या कडेला घुसला, तेव्हा तिनं गोवरीकडं नव्हे, माझ्याकडं बघितलं. आता माझे गुडघे गेलेत. बाजेवर बसून पत्ते खेळताना नात मला मुद्दाम जिंकू देते, तेव्हा मी पानं गोळा करते आणि म्हणते, "पुन्हा वाट."