कोऱ्या पाण्यातलं शिसं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. का नाही? प्रसंग आला नाही, असं म्हणता येईल — पण ते खरं नाही.

कोथरूडच्या एका कॉलेजात आमची प्रयोगशाळा आहे. पाण्यातलं शिसं ओळखणारा सेन्सर आम्ही तयार करत होतो. पाण्यात इलेक्ट्रोड बुडवला की पडद्यावर रेघ उमटते. कणभर जरी शिसं असलं, तरी तिला उंचवटा येतो. आधी कोरं, शुद्ध पाणी तपासायचं. त्यात रेघ सपाटच यायला हवी.

त्या दिवशी उंचवटा आला. तीनदा आला.

वैशाली माझ्या हाताखाली पीएचडी करत होती. तिचा सगळा प्रबंध याच सेन्सरवर होता. वाशीमची, नुकतं लग्न झालेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. कुंकवात कधी कधी शिसं असतं — हे मला माहीत होतं. सगळ्यांसमोर मी तेच कारण दिलं.

"मॅडम, मी हातमोजे घातले होते. कपाळाला हात लावलाच नाही."

"काय हो, आज लॅबमध्ये हळदीकुंकू ठेवलंय का?" शेजारच्या टेबलावरून जोशी म्हणाले.

दोघं-तिघं हसले. मीही. वैशालीने टिशू पेपरने कपाळ पुसलं. लाल डाग राहिला, म्हणून पुन्हा पुसलं.

कोऱ्या पाण्याची बाटली मी भरली होती. बाटल्या रात्रभर आम्लात बुडवून ठेवायच्या, मगच वापरायच्या — हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते. घाईत मी हाताला लागली ती बाटली नळाखाली विसळली आणि शुद्ध पाण्याने भरली. आदल्या दिवशी तिच्यात शिशाचं द्रावण होतं. हे मला कधी कळलं? ती कपाळ पुसत होती तेव्हा. बाटलीवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती. मी ती नखाने खरवडून काढली.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप बाटली बदलली. वैशाली कुंकू न लावता आली. रेघ सपाट. सगळ्यांना पुरावा मिळाला — तिलाही.

"चूक माझीच होती, मॅडम," ती म्हणाली.

"यापुढे लक्ष ठेव," मी म्हणाले.

महिन्याभरात मी तिला सेन्सरच्या कामावरून काढलं. ती रोज समोर नको होती, एवढंच. नवा विषय तिला जमला नाही. तिने पीएचडी सोडली. आता वारजेला क्लासमध्ये शिकवते. दर गुरुपौर्णिमेला तिचा मेसेज येतो. मी आभार मानते.