मोरीबाहेरची उलटी पावलं

घाटकोपरला आमच्या मजल्यावर पहिला टीव्ही आमच्याकडे आला, आणि त्याच्या मागोमाग दर आठवड्याला संध्याकाळी एक भूतही येऊ लागलं. हिंदी मालिका होती. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते आणि एका बंगल्यातल्या पाळण्यातली मुलं पळवते, एवढीच गोष्ट. शेजारीपाजारी आमच्या खोलीत दाटीवाटीने बसून ती पाहायचे. मला पहिल्या भागापासूनच तिचा वीट आला होता.

माझ्या डोळ्यांना गप्प बसता येत नाही, हा माझा स्वभाव. हडळ जिन्याच्या वरच्या पायरीवर असताना केस मोकळे, खाली येईपर्यंत वेणी. मेणबत्ती अर्धी जळालेली, मालकीणबाईचं किंचाळून होईतोवर पुन्हा अख्खी. भिंतीतून आरपार जाणारी ही बया दाराची कडी का वाजवते? आणि भूत एकाच खोलीत येतं, तर पाळणा दुसऱ्या खोलीत न्या ना! आमच्यासारखे एका खोलीत सहा जण थोडेच राहत होते ते? कहर म्हणजे हडळीच्या मनगटावर घड्याळ आणि पायांत सँडल, बोटं अगदी सरळ पुढे. हडळीची पावलं उलटी असतात, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल.

मी बोलले की आई खेकसायची, "गप रव गो! तुका काय कळता?"

वहिनीला माहेर नव्हतं, म्हणून तिचं बाळंतपण आमच्याकडेच झालं. शेवटच्या खोलीतली काकू रोज सकाळी बाळाला न्हाऊ घालायला येई. ती विधवा, एकटीच राहायची, आणि एका प्रसूतिगृहात रात्रपाळीला आयाचं काम करायची. तिला स्वतःचं मूल नव्हतं. चाळीतली निम्मी पोरं तिच्या पायांवर न्हायलेली, मीसुद्धा. रात्रपाळी संपली की ती आपल्या खोलीत जाऊन फक्त तेल गरम करायची आणि चहाही न घेता आमच्याकडे यायची. बाळाला पायांवर घेतलं की तिचा चेहराच बदलायचा.

आमची मोरी म्हणजे दोन भिंतींमधली चिंचोळी फट. बाळाचं डोकं आपटू नये म्हणून काकू त्याला छातीशी धरून पाठमोरीच बाहेर यायची. एका संध्याकाळी मालिकेतला पाळणा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशी काकू बाळाला न्हाऊ घालून गेली आणि आई जमिनीकडे बघत राहिली. ओली पावलं मोरीतून खोलीत आली होती, पण बोटं मोरीकडे.

"पावलां बघ," आई हळूच म्हणाली. "उलटी आसत."

मला आधी हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला.

"अगं, ती पाठमोरी येते! रोज तुझ्यासमोरच येते ना?"

"माका शिकवू नको."

दुपारपर्यंत ही गोष्ट मजलाभर झाली. "रात्रभर बाहेर असते ना ती," असं एक शेजारीण म्हणाली. तिच्या मुलाला जन्मल्यावर पहिल्यांदा काकूनेच हातात घेतलं होतं. मला त्या शेजारणीची किळस आली, आणि खरं सांगायचं तर आईचीही. हडळीच्या हातातलं घड्याळ ज्यांना कधी दिसलं नाही, त्यांना आता काकूचे मोकळे केस दिसत होते, दिवसाची झोप दिसत होती, सगळं दिसत होतं.

दुसऱ्या सकाळी आईने तिला दारातच अडवलं. बाळ झोपलंय, आता मीच न्हाऊ घालेन, असं सांगितलं. आत बाळ टाहो फोडून रडत होतं. काकूच्या हातात तेलाची वाटी होती. तिने ते रडणं ऐकलं, आईकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

"झोपू दे हो," ती म्हणाली आणि वाटी माझ्या हातात दिली. "कोमट आहे तोवर लावा."

आईने ते तेल मोरीत ओतलं, दुसरं घेतलं आणि बाळाला पायांवर घेऊन बसली. न्हाणं झालं. बाळाला छातीशी धरून ती उठली, अंग चोरलं आणि पाठमोरी बाहेर आली.

मी खाली बोट दाखवलं. ओली पावलं खोलीत आली होती, बोटं मोरीकडे.

आईने पाहिलं. नीट पाहिलं. मग पायाने पायपुसणं ओढून ती पावलं पुसून टाकली आणि म्हणाली, "बाळाक पावडर आण."