फोरमनचं पासिंग

माझे सासरे बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होते, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गल्लीत सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. घरातही ते फोरमनच. कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, माझ्या चपलांचा आवाज, काहीही कानावर पडलं की निदान तयार. एकदा शेजाऱ्यांना सांगत होते, "आमची सून म्हणजे जुनं इंजिन. आवाज फार, ओढ कमी." मी दारातच उभी होते. म्हटलं, "आणि तुम्ही भंगार, बाबा. लिलावातसुद्धा कुणी बोली लावणार नाही." तेव्हापासून आमच्यात कामापुरतं बोलणं उरलं. त्याला आता सहा वर्षं झाली.

आमचे हे दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभे. मला म्हणणार, "त्यांचं वय झालंय गं." त्यांना म्हणणार, "तिचा स्वभावच तसा आहे." असा नवरा असला की भांडण मिटत नाही, फक्त लांबतं.

एका गोष्टीवर मात्र सासऱ्यांचं नि माझं एकमत होतं. त्यांनी या घरातून जावं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्यांचा उजवा गुडघा पार कामातून गेलेला. नगरपालिकेच्या ज्येष्ठ निवासात तळमजल्यावर खोल्या होत्या, न्हाणीघरात धरायला दांडा, आठवड्यातून दोनदा नर्स. त्यांनी स्वतःच अर्ज भरला होता. दोन वर्षं यादीत काढल्यावर एकदाचा तपासणीचा दिवस ठरला. ज्याला कमी जमतं त्याला खोली आधी, असा तिथला नियम.

मी सहा वर्षांत पहिल्यांदाच कामापलीकडचं बोलले, "बाबा, दुखतंय तेवढं सांगा. लपवू नका."

"पासिंगला नेलेली गाडी खोकते का कधी?" ते म्हणाले. "माझ्या हातची एकही गाडी परत आली नाही. मला शिकवू नकोस."

डेपोत गाडी दरवर्षी पासिंगला जायची, म्हणजे ती रस्त्यावर धावायला लायक आहे का, हे सरकारी माणूस बघायचा. त्याच्या आदल्या दिवशी गळती बंद, पत्रा ठोकून सरळ, वर रंगाचा हात. सासऱ्यांनी स्वतःचंही तेच केलं. केस कापून आले, बुटांना पॉलिश केलं, रात्री गुडघा तेलाने चोळला आणि सकाळी दुखण्याच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या. वर स्वयंपाकघरातला गळका नळही बदलून टाकला. मी कपाळावर हात मारून घेतला.

तपासणीला एक तरुण बाई आली. हे महाशय तिला घ्यायला खाली फाटकापर्यंत गेले आणि तिच्या पुढे तीन जिने चढून आले. ती धापा टाकत होती, सासरे नाहीत.

"पाय दुखतात का?"

"नाही."

"अंघोळ एकट्याने करता?"

"चौतीस वर्षं गाडीखाली झोपून काम केलंय, बाई. अंघोळीचं काय घेऊन बसलात!"

ती गेल्यावर दोन दिवस ते अंथरुणातून उठले नाहीत. गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता. दहा दिवसांनी पत्र आलं. अर्जदार स्वावलंबी आहे, खोलीची गरज दिसत नाही, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करावा. त्यांनी ते वाचलं, नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवलं. खरं सांगते, चेहऱ्यावर समाधान होतं.

मी तोंड सोडलं. "अहो, पास झालात म्हणून खोली गेली! आता आणखी दोन वर्षं मी हे सहन करू?"

"मी नापास आहे असं लिहून सही करणार नाही," ते म्हणाले. "तुला घाई असेल तर तू जा."

महिन्याच्या आत फेरतपासणी मागता येत होती, पण पुरावा हवा होता. डॉक्टरसमोरही हा माणूस ताठच बसला असता.

मी पोस्टात काउंटरवर असते. एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून लवकर घरी आले. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे सासरे पायरीवर बसलेले दिसले. वरच्या पायऱ्यांकडे पाठ करून, दोन्ही हातांनी अंग रेटत ते एकेक पायरी वर सरकत होते. कापडी पिशवीचे बंद दातांत धरलेले. डोळे मिटून दम खात होते. दुपारी इमारतीत कोणी नसतं. हे रोज असंच चालत असणार.

मी मोबाईल काढला, फोटो घेतला आणि आवाज न करता खाली जाऊन रस्त्यावर उभी राहिले. फेरअर्जावर घरच्यांची सही चालत होती. ती मी केली.

तीन आठवड्यांनी तीच बाई मंजुरीचं पत्र घेऊन आली. तिच्या फाइलीत वरच फोटो लावलेला होता. सासऱ्यांनी तो बराच वेळ पाहिला.

ती गेल्यावर म्हणाले, "कुणी काढला?"

"मी."

"किती लांब होतीस?"

"असेन पाचेक पायऱ्या."

"आणि हात दिला नाहीस."

मला राग आला. "दिला असता तर घेतला असता का?"

"नसता घेतला," ते म्हणाले. "पण द्यायचा असतो."

रविवारी ते गेले. जिना बसून उतरले, सगळ्यांच्या देखत, आणि ह्यांनी पुढे केलेला हात बाजूला सारला. आता हे दर रविवारी भेटायला जातात. मला हवं होतं तेच झालंय. मी एकदाही गेले नाही, आणि त्यांनी एकदाही विचारलं नाही.