बहिणीच्या लेकीचं नाव

दोघी बहिणींचं नाव नुमितोरिया. बापाच्या घराण्याचं नाव दोघींना मिळालेलं, म्हणून हाक मारताना एक थोरली, दुसरी धाकटी.

धाकटीचा नवरा रोमच्या गुरांच्या बाजारात दोरखंड वळायचा. धाकटी देवाधर्माची पक्की. जेवताना पहिला घास चुलीतल्या विस्तवाला. प्रार्थनेत एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. नवरा चिडवायचा, "देव कंटाळूनच तुला हो म्हणत असतील."

त्या जूनमध्ये दोन्ही घरांत ताप शिरला. धाकटीचा मुलगा मानियस अंथरुणावर, थोरलीची लेक वेतियाही. त्यातच माता मातुतेचा सण आला. या देवीपुढे आपल्या पोटच्या पोरासाठी मागायचं नसतं. बहिणीच्या लेकरासाठी मागायचं. आपल्या पोरासाठी बहीण मागते. थोरलीचा पहिला नवरा वारला होता, हा दुसरा. दुसरं लग्न केलेल्या बाईने देवीला हार घालायचा नाही, मागे उभं राहून नाव घ्यायचं. हार एकट्या धाकटीच्या हाती होता.

"मागे असले तरी मानियससाठी अशी ओरडेन बघ," देवळाच्या पायऱ्या चढताना थोरली म्हणाली. "बाबा काय म्हणायचे? हिला बैलांच्या लिलावात बोली पुकारायला उभी करा."

"ताई, आज तरी गप."

"बरं बाई. पण वेतियाचं तुझ्या हातात आहे हं, धाकटे."

रिवाजाप्रमाणे आधी एका दासीला आत आणून चापट्या मारून हाकललं. या वर्षी पाळी धाकटीच्याच सीराची होती. रात्रभर मानियसच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवणारी सीरा. धाकटीने हलकेच मारली, पण मारली. सीरा बाहेर पडली ती थेट घरी, पोराजवळ जाऊन बसली.

मग धाकटी हार घेऊन मूर्तीजवळ गेली. वेतियाचं नाव ओठांवर तयार होतं. हार गळ्यात पडला आणि तोंडातून निघालं, "मानियस." चुकून नव्हे. त्या क्षणी तिला दुसरं कुणी दिसतच नव्हतं. मागून थोरलीचा आवाज घुमला, "आई मातुते, धाकटीच्या मानियसला बरं कर!"

देवीच्या कानी मानियस दोनदा गेला. वेतिया एकदाही नाही.

"घेतलंस ना नाव?" दाराशी थोरलीने विचारलं.

"घेतलं."

थोरलीने तिला कवटाळलं. धाकटीचे हात खालीच लोंबत राहिले.

घरी सीरा दारातच उभी होती. गाल अजून लाल. "बाई, घाम फुटला! उतरला ताप. पेज मागतोय."

धाकटीने पोराला छातीशी धरलं, पण आनंद काही वर येईना. दुपारी थोरलीची शेजारीण सांगून गेली, वेतिया माणसं ओळखत नाही. धाकटी चुलीपुढे बसली. विधी चुकला की तो पहिल्यापासून करायचा, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण मग दोघींना पुन्हा मागावं लागणार, म्हणजे थोरलीला सांगणं आलं. आणि सगळं पुसून नव्याने मागायचं, तर उतरलेला ताप परत चढला तर? झोपलेल्या मानियसचं कपाळ तिने चाचपलं. परत चाचपलं. सूर्य कलला तशी उठली. अंधार पडला की देऊळ बंद होणार होतं.

थोरली लेकीच्या उशाशी फडका पिळत होती.

"ताई, मी मानियसचं नाव घेतलं."

थोरली फडका पिळतच राहिली. त्यातून एक थेंब पडेना, तरी पिळत राहिली.

"हार घालताना?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोलले."

"देवीच्या दारात."

"मला मार, ताई."

"तुला मारून ही उठणार आहे का? शाल घे डोक्यावर. चल."

बाजारात फुलं संपली होती. थोरलीने घरच्या देवांपुढचा हार काढून तिच्या हाती दिला. 

देवळात या वेळी हार घालताना धाकटीने मोठ्यांदा म्हटलं, "थोरलीच्या वेतियाला बरं कर." आवाज चिरकला. मग ती थांबली. आता पाळी थोरलीची. मागे काहीच हालचाल नाही. ती आज वेतियाचंच नाव घेईल, धाकटीला वाटलं, आणि घेतलं तर आपल्याला बोलायला तोंड कुठे आहे? मागे वळून पाहायचा धीर होईना.

"आई मातुते." आवाज बसलेला, पण तोच, बैलांच्या लिलावाचा. "धाकटीच्या मानियसला बरं कर."

वेतिया द्राक्षं उतरायच्या दिवसांत हिंडूफिरू लागली. थोरलीने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. काढून दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं धाकटीला वाटे. वेतिया मोठी झाली, लग्न होऊन धाकटीच्याच गल्लीत आली, आणि येता-जाता दारातून हाक मारायची, "मावशी!" धाकटी ओ द्यायची, पण मान काही वर होत नसे.